विषय नोंदणी: मेंटॉरची सही सक्तीची हवी की नको?

खडूफळा

नव्या शैक्षणिक धोरणाचा राज्य सरकारचा जीआर २० एप्रिल २०२३ चा. स्वायत्त कॉलेजांत त्याच वर्षी आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पदवीचा साचा बदलला. आता बी.ए.च्या मुलाला मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला विषय), व्हीएससी आणि एसईसी (कौशल्याचे विषय), एईसी (भाषा), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा) असं सगळं धरून दर सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर ठरणारे गुणांक, जमवायची असतात. अठरा वर्षांच्या पोराने हे एकट्याने निस्तरावं ही अपेक्षाच चुकीची आहे. माझं स्पष्ट मत: मेंटॉर, म्हणजे नेमून दिलेल्या मार्गदर्शक प्राध्यापकाशी बसून बोलणं झाल्याशिवाय आणि त्यांची सही असल्याशिवाय कोणाचीही नोंदणी पक्की करू नये.

मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो. यंदा दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने मेजर इतिहास आणि मायनर समाजशास्त्र असा फॉर्म भरून आणला. समाजशास्त्र का, तर मैत्रिणींनी घेतलं म्हणून. पुढे काय करायचंय विचारलं तर म्हणाली, बी.एड. करून शाळेत इंग्रजी शिकवायचंय. बी.एड.ला मेथड, म्हणजे जो विषय शिकवायचं प्रशिक्षण घ्यायचं तो, देताना पदवीला कोणते विषय होते ते बघतात. पहिल्या वर्षी तिला इंग्रजी होतं आणि नेमकं तेच ती सोडून देत होती. तिथेच फॉर्म बदलला. सहीची अट नसती तर ही मुलगी माझ्यासमोर आलीच नसती.

चौथ्या_सेमची

सर, तुमच्यासारखं विचारणारं कोणी असेल तर मी सक्ती नसतानाही येईन. पण आमच्याकडे काय होतं ते ऐका. एका मेंटॉरकडे अख्खी तुकडी. सहीच्या दिवशी स्टाफरूमबाहेर रांग. मेंटॉरिंगचा फॉर्म नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फायलीसाठी लागतो, त्यात 'शेरा' या रकान्यात 'समाधानकारक' असं आधीच छापलेलं. मी कोणते विषय घेतलेत हे सही करताना कोणी वाचलंही नाही.

आणि तोवर ओपन इलेक्टिव्हच्या जागा भरून गेल्या. आमच्याकडे गुगल फॉर्मवर जो आधी त्याला जागा मिळते, आणि सही केलेल्या कागदाचा फोटो जोडल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. मेंटॉर रजेवर होते त्या मुलांना उरलेसुरले विषय मिळाले. सहीने कोणाचं भलं झालं?

दुसरं म्हणजे ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या शाखेबाहेरचंच घ्यायचं असतं. इतिहासाच्या प्राध्यापकांना कॉमर्स किंवा सायन्सच्या विषयांत काय शिकवतात हे कुठून माहीत असणार? त्यांची चूक नाही. पण मग त्यांची सही कशाची खात्री देते?

कापूसपट्टा

ताई, राग समजतो. पण आमच्यासारख्या घरांचाही विचार करा. माझी मुलगी आमच्या भावकीत पदवीला जाणारी पहिली. घरात क्रेडिट म्हणजे काय हे सांगणारं कोणी नाही. गावातल्या सायबर कॅफेवाल्याने विचारलं, 'मायनर कोणता टाकू?' आणि तिने त्याच्या समोरच्या यादीतला पहिला टाकला. तुम्हाला सीनियर असतात, व्हॉट्सअॅप ग्रुप असतात. सक्ती काढली तर ज्याला गरज नाही तो भेटेल आणि ज्याला गरज आहे तो बुजून घरी बसेल. माझं मत सरांच्या बाजूने.

तासिकातत्त्व

मीही मेंटॉर आहे, सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. मला तासाचे पैसे मिळतात, आणि मुलांशी बसून बोलण्याचा तास कुठल्याच बिलात धरत नाहीत. जूनमध्ये नेमणूक नसते, नोंदणी मात्र तेव्हाच चालू असते. पुढच्या वर्षी मी या कॉलेजात असेन की नाही हे मलाच माहीत नाही, मग तीन वर्षांचा आराखडा कोणाचा आणि कसा आखून देऊ? सक्ती करायचीच असेल तर आधी हे काम कार्यभारात धरा आणि एका प्राध्यापकाकडे विशीच्या आतच मुलं द्या. तोवर माझा सक्तीला विरोध आहे. या नियमाने जबाबदारी आमच्यावर येते, वेळ मात्र कोणी देत नाही.

ओहायोकर

इथे अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांत सल्लागाराला भेटेपर्यंत नोंदणीवर 'होल्ड' असतो, म्हणजे सरांना हवी तीच पद्धत. भेट उपयोगी पडते, यात वाद नाही. पण सहीवर विसंबू नका, एवढंच सांगायला लिहितोय.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवी करणाऱ्याला दर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट लागतात आणि त्या हिशोबात ऑनलाइन विषय एकच धरतात. त्याखाली यायचं असेल तर विषय सोडण्याआधी डीएसओची परवानगी लागते. डीएसओ म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातला अधिकारी. फॅकल्टी अॅडव्हायजर वेगळा. 'जड जातंय ना, मग एक विषय सोड' हा त्याचा सल्ला अभ्यासाच्या दृष्टीने बरोबर असू शकतो, आणि त्याच सल्ल्याने व्हिसा धोक्यात येऊ शकतो. इकडे येणाऱ्या आपल्या मुलांना मी हेच सांगतो: पदवीच्या अटींचा तक्ता स्वतः भरून न्या, दोन पर्यायी विषय हाताशी ठेवा आणि मग सल्लागारासमोर बसा. कोऱ्या कागदाने गेलात तर समोरचा त्याला सोयीचं ते भरून देतो.

खडूफळा

सीएचबीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. हे काम फुकट करून घेणं अन्याय आहे आणि त्यासाठी प्राध्यापक संघटनांनी भांडलं पाहिजे. पण त्यावरून सक्तीच नको म्हणणं मला पटत नाही. कागदावर नसलेल्या कामाला कॉलेज कधीच वेळ देत नाही. आधी सक्ती येईल, मग कार्यभार मागता येईल.

तासिकातत्त्व

सर, आजवर उलटंच झालंय. काम आलं आणि कार्यभार आलाच नाही.

चौथ्या_सेमची

कापूसपट्टा काका, तुमचं पटलं. सायबर कॅफेवाल्यापेक्षा मेंटॉर कधीही बरा. म्हणून मी म्हणते, भेट सक्तीची ठेवा, पण सही नको. मेंटॉरने आपलं मत फॉर्मवर लिहावं, 'बी.एड.साठी इंग्रजी सोडू नये' असं नेमकं. निर्णय विद्यार्थ्याचा. उद्या मेंटॉर म्हणाले, 'मुलींनी हा विषय कशाला घ्यायचा?', तर सही अडवून ते मला थांबवू शकतात. असं माझ्या वर्गातल्या मुलीला ऐकवलंय.

खडूफळा

असं कोणी बोलत असेल तर प्राचार्यांकडे लेखी तक्रार करा, त्यात भिडेखातर गप्प बसू नका. पण निर्णय पूर्णपणे विद्यार्थ्याचा, याला माझी तयारी नाही. मायनरची १८ ते २० क्रेडिट असतात. तिसऱ्या वर्षाला चूक कळली तर ती भरून काढायला वेळ उरत नाही.

चौथ्या_सेमची

मग सेमिस्टर सुरू झाल्यावर पहिले दोन आठवडे विषय बदलायची मुभा द्या. वर्गात बसून बघितल्याशिवाय विषय कसा आहे हे मलाही कळत नाही आणि मेंटॉरलाही कळत नाही. आमच्याकडे फॉर्म एकदा सबमिट केला की ऑफिस हातच लावू देत नाही. सर, तुमच्या कॉलेजात देतात का बदलून?

खडूफळा

पहिला आठवडा देतो, तोही वर्गात जागा असेल तरच. दोन आठवड्यांची मागणी मी आमच्या अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत मांडतो. सहीची अट मात्र मी सोडणार नाही.