जहाजावरचा ताप: कप्तानाला आत टाकून काय होणार?

नांगरगडी:
परवा इथे एका सदस्याने क्रूझवरच्या साथीबद्दल लिहिताना ठोकून दिलं: "आजार लपवण्यात जहाजवाले पटाईत. अशा जहाजाला बंदरात शिरूच देऊ नये आणि कप्तानाला थेट आत टाकावं." खाली वाहवा करणाऱ्यांची ही रांग! मी अर्धं आयुष्य मालवाहू जहाजांवर काढलं, आता कोथरूडात बसून भाजी निवडतो. तिथे दोन ओळींत भागलं नसतं म्हणून वेगळा धागा.

मालवाहू जहाजावर माणसं वीस-बावीस. डॉक्टर नसतो. शंभर किंवा जास्त माणसं आणि तीन दिवसांहून लांबचा आंतरराष्ट्रीय प्रवास असेल तरच तो सक्तीचा. आमच्याकडे डॉक्टर म्हणजे सेकंड मेट (कप्तानाच्या हाताखालचा एक अधिकारी), औषधांचं कपाट आणि रेडिओवरून मिळणारा सल्ला. बंदरात शिरण्याआधी हेल्थ डिक्लरेशन भरायचं. त्यात निदान नाही, संशय विचारतात. बरेच दिवस न उतरणारा ताप, किंवा तापाबरोबर कावीळ, गाठी, धाप, रक्तस्राव. ताप नसला तरी अंगावर अचानक उठलेलं पुरळ, जोराचे जुलाब. डॉक्टर नसेल तर यातल्या कशावरही कप्तानाने संसर्ग धरून चालायचं आणि बंदराला होईल तितक्या लवकर कळवायचं. २००७ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीतच हे आहे.

आता घडलेलं सांगतो. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, गुहागरचा माणूस, त्याच्या पाठीवर पुरळ उठलं. सेकंड मेटने फोटो काढून डॉक्टरला पाठवले. कांजिण्या. बोसन केबिनमध्ये बंद, ताट दाराशी ठेवून मेसमन मागे सरकणार, ताट परत आलं की उकळत्या पाण्यात. कप्तानाने फॉर्मवर 'होय' लिहिलं. बंदराचं नाव सांगत नाही. जहाज बाहेर नांगरावर. आरोग्य अधिकारी आज येतो, उद्या येतो. इकडे चार्टरर, म्हणजे जहाज भाड्याने घेणारा, म्हणतो, आरोग्याची परवानगी नाही म्हणजे जहाज तयारच नाही, लेटाइम (माल चढवा-उतरवायला ठरलेला वेळ) सुरू होत नाही. म्हणजे थांबण्याचा खर्च आमच्या कंपनीच्या माथी. ऑफिसातून रात्री फोन: "कॅप्टन, घामोळं तर नाही ना?" बोसन खडखडीत बरा झाला. कप्तानाला त्या कंपनीने परत बोलावलं नाही. त्याच्या जागी आलेल्याला ही हकिगत कुणीतरी सांगितलीच असेल. तो काय लिहिणार?

आणि 'शिरूच देऊ नये' हे करून झालंय. फेब्रुवारी २०२० मध्ये वेस्टरडॅम या क्रूझवर करोनाचा एकही निश्चित रुग्ण नसताना फिलिपिन्स, तैवान, जपान, थायलंड सगळ्यांनी हात वर केले. शेवटी कंबोडियाने सिहानूकव्हिलला घेतलं. नियमावली म्हणते की आरोग्याच्या कारणावरून बंदर नाकारू नका, सोय नसेल तर जवळच्या सोयीच्या बंदराकडे पाठवा. तेव्हा ती कुणी उघडूनही पाहिली नाही.

गोदीची_लेक:
कॅप्टनसाहेब, लेटाइमचं दुःख ऐकून डोळे भरून आले. माझे वडील मुंबईच्या गोदीत विंच चालवायचे. जहाज लागलं की वर कोण जातं? जहाज बंदरात आणणारा पायलट, एजंट, कस्टमवाले आणि मग ही माणसं. त्यांना तुमचा फॉर्म कुणी दाखवतं का? एका जहाजावर काम केलं आणि महिन्याभरात वडिलांना कावीळ. त्या जहाजाचा कूक पिवळा पडला होता हे नंतर समजलं. आई उसाचा रस आणि भात घेऊन वॉर्डात बसायची, आम्ही भावंडं शेजाऱ्यांकडे. तुमच्या कंपनीचं नुकसान हजारो डॉलर, आमचं मोजलंच नाही कुणी.

रुबी प्रिन्सेस क्रूझ आठवते ना? मार्च २०२०, सिडनी. अडीच हजारांहून जास्त प्रवासी उतरवून मोकळे, पुढे करोनाने २८ मृत्यू. हे कुणी भरून द्यायचं?

खडूस_सदाशिवपेठी:
उसाच्या रसाने कावीळ जाते हे नवीनच. आणि गोदीतल्या चहाच्या टपरीवरच्या पाण्यानेही ती होते.

गोदीची_लेक:
@खडूस, तुम्हाला वॉर्ड दिसला नाही, रस तेवढा दिसला. धन्य आहात.

डॉ_धायरी:
कळवण्याचा विषय निघालाच आहे तर जहाज राहू द्या, सिंहगड रोडवर या. माझं छोटं क्लिनिक आहे. डेंगीचा पेशंट कळवला की फवारणीवाले त्या सोसायटीत, टाक्या तपासतात, डास सापडले की नोटीस. संध्याकाळी सेक्रेटरी माझ्याकडे: "डॉक्टर, आमच्या सोसायटीचं नाव कशाला दिलंत? फ्लॅट विकायला काढलेत लोकांनी." एका सोसायटीने तर व्हॉट्सअ‍ॅपवर ठराव केला की ह्या डॉक्टरकडे जायचं नाही. टीबी २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही कळवावा लागतो, तिथेही पेशंट हात जोडतो, "घरमालकाला कळेल हो." नांगरगडींचा कप्तान आणि मी एकाच बोटीत.

चेअरमन_बिबवेवाडी:
डॉक्टर, एक बाजू सांगून मोकळे होऊ नका. आमच्या दोन्ही टाक्या दर महिन्याला धुतल्या जातात, रजिस्टर आहे, सह्या आहेत. तरी नोटीस कुणाला? सोसायटीला. डास कुठे? शेजारच्या बांधकामाच्या लिफ्टच्या खड्ड्यात. बिल्डरला कुणी हात लावत नाही. तुम्ही पत्ता लिहून मोकळे, पेशंट आठवडाभर गावी होता हे विचारलंत का?

डॉ_धायरी:
विचारतो. लिहितोही. तुमच्यासारखे चेअरमन मात्र ते वाचायच्या आधी दार वाजवतात.

चेअरमन_बिबवेवाडी:
"तुमच्यासारखे" म्हणजे? बिनपगारी हमाली करतो आम्ही. या एकदा एजीएमला, मग बोला.

टेरेसवाली_मावशी:
रजिस्टरचं सांगू नका. आमच्याकडेही सह्या आहेत, सगळ्या एकाच पेनाने, एकाच दिवशी. टाकीचं झाकण तीन पावसाळे अर्धंच आहे, त्यावर फरशी ठेवलीय. मी फोटो ग्रुपवर टाकला तर मलाच ग्रुपमधून काढलं.

चेअरमन_बिबवेवाडी:
कुठल्या सोसायटीचं बोलताय ते लिहा, उगाच सगळ्यांना झोडपू नका.

टेरेसवाली_मावशी:
लिहिलं तर पार्किंग जाईल.

इतिहासप्रेमी_कसबा:
पुण्यात हा वाद, आणि अजून रँड कसा आला नाही? १८९६ ला प्लेग मुंबईत मांडवीला दिसला, बंदराच्या वस्तीत. पुण्यात पोचल्यावर घरोघर सोजीर घुसवले. लोकांनी काय केलं? रोगी माळ्यावर लपवले. २२ जून १८९७ ला चापेकरांनी काय केलं ते शाळेत शिकलाच आहात.

खडूस_सदाशिवपेठी:
अकराव्या प्रतिसादापर्यंत तग धरला, विक्रम आहे.

गोदीची_लेक:
इतिहासप्रेमी, माळ्यावर रोगी लपवणाऱ्यांना दोष नाही, मान्य. पण चार्टर पार्टीवर, म्हणजे जहाजाच्या भाडेकरारावर, सही करणारी कंपनी म्हणजे बुधवारातली गरीब विधवा नव्हे.

केबिन_स्टुअर्ड_हडपसर:
मी क्रूझवर काम करतो, सुट्टीवर आलोय. अमेरिकेच्या बंदरात शिरताना उलटी-जुलाबाचे आकडे आधीच द्यावे लागतात, शून्य असले तरी द्यायचे. दोन टक्क्यांच्या वर गेले की पुन्हा वेगळं कळवायचं. प्रत्येक जहाज प्रत्येक वेळी आकडा देतंच, त्यामुळे तो दिल्याबद्दल कुणाकडे बोट दाखवत नाहीत. लपवालपवी खालच्या डेकवर होते. पोट बिघडलं म्हणून सांगितलं की मला केबिनमध्ये बंद करणार, टिप बुडणार, माझे पाहुणे दुसऱ्याला जाणार. मग माणूस इलेक्ट्रॉल पिऊन चादरी बदलत राहतो. कप्तानाला कळलंच नाही तर तो काय लिहिणार?

नांगरगडी:
स्टुअर्डभाऊ, हे मला सुचलं नव्हतं. आमच्याकडे टिप नसते, त्यामुळे.

गोदीची_लेक, रुबी प्रिन्सेसचं अर्धंच सांगितलंत. न्यू साउथ वेल्सने चौकशी आयोग नेमला, ऑगस्ट २०२० मध्ये अहवाल आला. मुख्य ठपका राज्याच्या आरोग्य खात्यावर. जहाजावर तापाचे आणि खोकल्याचे रुग्ण आहेत हे त्यांना कळवलेलं होतं, खात्याने 'कमी धोका' म्हणून शिक्का मारला आणि नमुन्यांचे निकाल यायच्या आधी लोक उतरू दिले. म्हणजे कप्तान बोलला, किनाऱ्याने ऐकलं नाही. आत कुणाला टाकता?

गोदीची_लेक:
त्याच अहवालात जहाजालाही सुनावलंय. संशयित रुग्ण कुणाला म्हणायचं याचे निकष बदलले होते, ते जहाजावरच्या डॉक्टरला माहीत असायला हवे होते. तेवढं पान उलटायला विसरलात वाटतं.

तरी ठीक. 'आत टाका' म्हणणाऱ्यांशी मीही सहमत नाही. कप्तानापेक्षा रात्री "घामोळं तर नाही ना" विचारणारा जो कोण होता, त्याचं नाव फॉर्मवर यायला हवं. त्याला काहीच होत नाही, ही तुमची खरी तक्रार आहे आणि ती तुम्ही लेटाइमच्या ढिगाखाली पुरलीत.

नांगरगडी:
मोठ्या मनाने घेतो. ताशेरे छान ओढता तुम्ही, गोदीऐवजी डायरेक्टर जनरल शिपिंगच्या कचेरीत असायला हव्या होता.

गोदीची_लेक:
नको, तिथे तुमच्यासारख्यांचे अर्ज वाचावे लागतील. सरळ प्रश्न विचारते, सरळ उत्तर द्या. ऑइलरला (इंजिनरूममधल्या खलाशाला) एक दिवस ताप आला, औषधाने उतरला. उद्या सकाळी पायलट चढणार आहे. 'होय' लिहाल का?

नांगरगडी:
एका दिवसाचा, उतरलेला, अंगावर काही नाही, बाकी कुणी आजारी नाही: फॉर्मवर 'होय' नाही. लॉगबुकात आणि आजाऱ्यांच्या यादीत मात्र नोंद, तापमान आणि वेळेसकट. दुसऱ्या कुणाला ताप आला, किंवा त्यालाच परत चढला, तर पायलट चढायच्या आधी एजंटला मेल आणि पोर्ट कंट्रोलला व्हीएचएफ रेडिओवर, ऑफिसला विचारून नव्हे, ऑफिसला कळवून.

गोदीची_लेक:
आणि पायलटला?

नांगरगडी:
शिडी सोडायच्या आधी. मास्क त्याच्या हातात ठेवून.

डॉ_धायरी:
चेअरमनसाहेब, तुमच्या शेजारच्या बांधकामाचा पत्ता पाठवा. पेशंट तिथलाही आहे एक.

चेअरमन_बिबवेवाडी:
पाठवतो. माझं नाव टाकू नका पण.