अनुभव धागा: ‘माझ्या मोकळ्या वेळा इथे आहेत, हवी ती घ्या’

सांगलीचे_सर

मंडळी, नमस्कार. मी संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. पीएचडी करणारी मुलंमुली प्रबंधातल्या आकडेमोडीसाठी विचारायला येतात, पैसे घेत नाही, वेळ मात्र जातो. आणि निम्मा वेळ जायचा तो वेळ ठरवण्यातच. ‘सर, उद्या फोन करू?’ ‘कर, दुपारी.’ ‘दुपारी प्रॅक्टिकल आहे, परवा?’ ‘परवा मी मिरजेला.’ अर्ध्या तासाच्या बोलण्यासाठी सात-आठ निरोप.

शेवटी पुतण्याने गूगल कॅलेंडरमध्ये पान करून दिलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी ४ ते ६, अर्ध्या-अर्ध्या तासाचे चार तुकडे. ‘दर आठवड्याला’ असं निवडलं, शेवटची तारीख घातलीच नाही. लिंक पाठवायची, ज्याला जो तुकडा मोकळा दिसेल तो त्याने उचलायचा. पहिले दोन महिने मी ज्याला-त्याला कौतुक सांगत सुटलो होतो.

मग आल्या गौरी. जेवायचा दिवस, पंगत उशिरा बसलेली, मी पुरण वाढतोय आणि ४ वाजून १ मिनिटाने फोन: ‘सर, मी जॉइन झालेय, तुम्ही दिसत नाही.’ तिची काही चूक नव्हती. त्या यंत्राला वार कळतो, तिथी कळत नाही.

तुम्ही अशा वेळा उघड्या ठेवता का? किंवा समोरच्याच्या लिंकवर वेळ घ्यावी लागते का? कुठलं ॲप चांगलं ते नको, घडलेलं सांगा.

निषाद_गंधार

सर, तुमची तिथी, माझं घड्याळ. मी डोंबिवलीहून गाणं शिकवते, विद्यार्थी न्यू जर्सीत आणि लंडनजवळ. वेळा भारतीय घड्याळानेच लावल्या होत्या: न्यू जर्सीच्या मुलीला शनिवारी सकाळी ७, म्हणजे तिच्याकडे शुक्रवारी रात्री ८.३०. छान चाललं होतं. मार्चमध्ये तिच्या आईचा जरा घुश्शातच मेसेज, ‘ताई, न विचारता वेळ का बदललीत? साडेनऊला ती झोपते.’ मी तर कशाला हातही लावला नव्हता! अमेरिकेने घड्याळ तासभर पुढे नेलं होतं, आपलं होतं तिथेच.

बरं, सगळे एकदम बदलतील तर शपथ. अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार, ब्रिटनमध्ये मार्चचा शेवटचा. २०२५ मध्ये ९ मार्च आणि ३० मार्च. मधले तीन आठवडे अमेरिकेचे विद्यार्थी सरकलेले, लंडनचे जागच्या जागी. ऑक्टोबर-नोव्हेंबरला उलटा खेळ, तेव्हा ब्रिटन आधी आणि अमेरिका आठवड्याने.

आता मी वर्षाचे दोन तक्ते ठेवते. मार्च ते नोव्हेंबर अमेरिकेसाठी सकाळी ६ ची वेळ उघडते, थंडीत ७ ची. उन्हाळ्यात सहाला सा लावायचा म्हणजे पाचला उठणं आलं. पण लेकरू झोपेत गाण्यापेक्षा मी झोपेत शिकवलेलं बरं.

कोडग्या

सर, गौरीच्या दिवशी तुम्ही कॅलेंडरवर नोंद केली असतीत तरी बहुतेक फोन आलाच असता. मी स्वतः आपटलोय. बहिणीचा साखरपुडा म्हणून ‘पूर्ण दिवस’ अशी नोंद टाकली आणि निवांत झालो. अशी दिवसभराची नोंद टाकली की गूगल कॅलेंडर आपणहून तुम्हाला ‘मोकळा’ धरतं, ‘व्यस्त’ हे आपण वेगळं निवडावं लागतं. बाळाचे वाढदिवस, सणांच्या सुट्ट्या असल्या नोंदींनी दिवस अडू नये म्हणून असेल. पण ११ वाजता क्लायंट हजर. शेरवानीत कॉल घेतला. कॅमेरा बंद ठेवला तरी मागे सनई होती.

मोरपंखी_पेन

हाहा, सनई!

मी भाषांतरं करते, घरून. माझी अडचण जरा लाजिरवाणी आहे. सुरुवातीला सगळा आठवडा उघडा ठेवला. एका नव्या गिऱ्हाइकाने लिंक उघडली आणि म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही तर पूर्ण रिकाम्याच दिसताय, मग दर थोडे कमी करा ना.’ तेव्हापासून मंगळवार-गुरुवारच्या तीन-तीनच वेळा दिसतात. काम तितकंच आहे. दर वाढवलाय.

कऱ्हाडचा_दातवाला

आमच्याकडे ही गंमत निराळी चालते. ऑनलाइन वेळ घेतलेला पेशंटसुद्धा दारात आल्यावर पहिलं विचारतो, ‘माझा नंबर कितवा?’ ११.३० ची वेळ म्हणजे ११.३० ला यायचं हे पटत नाही. तो १० ला येऊन बसतो आणि आपल्या पुढे कोण गेलं ते मोजतो. पासपोर्ट काढताना हाच माणूस मिनिटाला धरून गेलेला असतो बरं का.

दुसरं म्हणजे, लिंकवर ‘तपासणी, २० मिनिटं’ आणि ‘रूट कॅनाल, १ तास’ असे दोन प्रकार ठेवले होते. लोक तपासणीच निवडतात, ती लवकरची मिळते म्हणून. आणि खुर्चीत बसल्यावर, ‘डॉक्टर, आलोच आहे तर करूनच टाका.’ एकदा एका वेळेत अख्खं कुटुंब आलं, आजीच्या कवळीसकट. शेवटी लिंकवरून तासाची वेळ बंदच केली. ती मी तपासल्यावर स्वतः देतो. आणि रोजच्या निम्म्या वेळा लिंकवर टाकतच नाही, त्या फोनवाल्यांच्या आणि वडगावहून एसटीने येणाऱ्यांच्या. त्यांची नोंद आमच्या सिस्टर वहीत करतात. वही कधी हँग होत नाही.

सावली_२

मी समुपदेशक आहे. लिहू की नको असं झालं होतं, कारण वर सगळे हसताहेत आणि माझ्याकडे हसण्यासारखं कमी आहे.

आधी लोक फोन करून वेळ घ्यायचे. फोन करायचा म्हणजे घरात कुणी नसताना करायचा, नाव सांगायचं, ‘कशासाठी?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं. बरेच जण हॅलो ऐकून ठेवून द्यायचे. लिंक ठेवल्यापासून वेळा घेतल्या जातात त्या रात्री एक-दोन-अडीचला. सकाळी उठून ती यादी बघताना पोटात कसंतरी होतं. ही माणसं आधीही जागीच असणार, मला दिसत नव्हती इतकंच. म्हणून मी कारणाचा रकाना काढून टाकला. नाव आणि नंबर पुरे. आणि ही लिंक तातडीच्या मदतीसाठी नाही हे पहिल्याच ओळीत लिहिलंय, खाली टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर, तो चोवीस तास चालतो.

बाकी नियम माझ्यासाठी आहेत. दोन भेटींच्या मध्ये २० मिनिटं मोकळी, दिवसाला पाचच्या वर नाही, आणि निदान १२ तास आधी घेतलेली वेळच धरायची. पहिल्या महिन्यात मध्ये जागाच सोडली नव्हती. एका माणसाचं रडणं कानात असताना दुसऱ्याला ‘बोला’ म्हणायचं, असं चार दिवस केलं आणि पाचव्या दिवशी मीच माझ्या गाईडची वेळ घेतली.

वेळ घेऊन न येणारे आहेत, पुष्कळ आहेत. त्यांना रागाने मेसेज करत नाही. फक्त ‘पुन्हा घ्यावीशी वाटली तर हीच लिंक’ एवढं पाठवते. काही जण तिसऱ्या वेळी येतात.

निषाद_गंधार

सावलीताई, लिहिलंत ते बरं केलंत.

आखनचा_पाहुणा

जर्मनीत पीएचडी करतोय. इथे प्राध्यापकांची आठवड्याची भेटीची वेळ ठरलेली असते, आमच्या सरांनी ती ऑनलाइन टाकलीय, १५-१५ मिनिटांची. ‘सर, तुम्हाला जेव्हा वेळ असेल तेव्हा’ असं मी पहिल्या ईमेलात लिहिलं, त्यावर उत्तर एका ओळीचं: लिंक. मला वाटलं चिडले. पुढे कळलं, सगळ्यांना हेच येतं, स्वच्छ मनाने.

पण आमच्यातल्या एकाने सेमिस्टरभराचे सगळे गुरुवार ४.०० ते ४.१५ एका बैठकीत उचलले. नियमात बसत होतं. मग ‘एका वेळी एकच पुढची भेट’ अशी अट आली. तो एक आपलाच होता, पुण्याचा. मी नाही.

कोडग्या

‘मी नाही’ नोंदवून घेतलं आहे.

पंचगंगा_काठ

माझं सांगू का, कुणाला लिंक पाठवावी आणि कुणाला नाही याचं तारतम्य सगळ्यात मोठं. मी टॅक्सचं काम बघतो. जुलैत रिटर्नांची झुंबड, म्हणून सगळ्यांना एकच उत्तर कॉपी करून पाठवत होतो: ‘कृपया खालील लिंकवरून सोयीची वेळ घ्यावी.’ त्याच भरात मामांनाही गेलं. सख्खे मामा, इचलकरंजीचे, वय ७४, ज्यांच्या खांद्यावर बसून मी जोतिबाची यात्रा बघितली.

तासाभरात आईचा फोन. ‘भाच्याला भेटायला आता नंबर लावायचा व्हय, असं विचारतोय दादा.’ मी गाडी काढून गेलो, पाया पडलो, रिटर्न तिथंच बसून भरलं. जेवायला वाढलं, पण ‘वेळ आहे ना तुला?’ हे तीनदा विचारलं.

मोरपंखी_पेन

अगं आई गं. 😄

सांगलीचे_सर

वाचतोय सगळं. कोडग्या, ते ‘व्यस्त’ आत्ताच करून पाहिलं, बरोबर आहे तुमचं. दसरा, दिवाळी आणि नातीचं बारसं एकदम अडवून टाकलं. मध्ये २० मिनिटं सोडायचीही सोय सापडली, पण मी १० च ठेवली. आकडेमोडीत रडणारे कमी असतात, नाहीत असं नाही.

पंचगंगा, मामांचं पुढे काय झालं?

पंचगंगा_काठ

नातवाकडून लिंक उघडून घेतली त्यांनी. शनिवारी सकाळी १० ची वेळ धरलीय. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, ‘समक्ष बोलू.’