मदत हवी आहे: केळशीला (दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावर) अमावस्येच्या रात्री तंबू कुठे लावावा?

डिसेंबरातली अमावस्या, दोन रात्री, चौघे जण, दोन तंबू. मुंबईहून माणगाव, म्हसळा, मग बागमांडला-वेसवी फेरीबोटीने खाडीपलीकडे आणि केळशी. तारे बघायचेत म्हणून अमावस्याच हवी. होमस्टे सुचवू नका, प्लीज.

अडचण पाण्याची आहे. अमावस्या म्हणजे उधाण. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ; अमावस्या पंधरावी, तर भरती रात्री सव्वाअकराच्या सुमारास, ऐन झोपेत. काडीकचऱ्याची ओली रेघ बघून तिच्या वर तंबू लावायचा हे ठाऊक आहे, पण हिवाळ्यात उधाणाची रात्रीची भरती दुपारपेक्षा मोठी असते, म्हणजे संध्याकाळी दिसणारी रेघ फसवीच. वर सरकावं तर सुरूचं बन. तिथे वाळक्या फांद्या डोक्यावर पडायची भीती.

खुंट्यांचा प्रश्न सुटलाय. सुक्या वाळूत त्या धरत नाहीत, म्हणून वाळू भरलेल्या पिशव्या दीड फूट पुरून त्यांना दोऱ्या बांधतो. दवासाठी वरून ताडपत्री. शेकोटी करणार नाही, टॉर्चला लाल कागद लावतो. कारण नोव्हेंबरपासून कासवं अंडी घालायला वर येतात. पिण्याचं वीस लिटर पाणी सोबत, पण दोन दिवसांना ते पुरणार नाही.

अलीकडे हिवाळ्यात तिथे राहिलेल्यांनी सांगा: उधाणाचं पाणी सुरूच्या मुळांपर्यंत येतं का? बन आणि भरतीची रेघ यांच्यात दोन तंबूंपुरती सपाट जागा उरते का, की वाळूच्या टेकडीकडे जावं? जवळची गोड्या पाण्याची विहीर कुठे? आणि परवानगी ग्रामपंचायतीची घ्यायची की वनखात्याची?