शब्दचर्चा: कादंबरीतल्या सोरॉरिटीला नाव काय द्यावं?

प्रश्न

कादंबरी लिहिते आहे. नायिका पुण्याहून ओहायोतल्या एका काल्पनिक कॉलेजात शिकायला जाते आणि तिची अमेरिकन रूममेट पहिल्याच वर्षी सोरॉरिटीत, म्हणजे ग्रीक अक्षरांचं नाव असलेल्या मुलींच्या संघटनेत शिरते. सोरॉरिटीसाठी तात्पुरतं 'अल्फा बीटा गॅमा' लिहून ठेवलंय, पण वाचताना ते खोटं वाटतं. ही ग्रीक अक्षरं नेमकी कशी ठरतात? आणि मराठीत सरळ 'भगिनीमंडळ' लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद

'अल्फा बीटा गॅमा' म्हणजे नुसती मुळाक्षरं ओळीने म्हटल्यासारखं झालं, म्हणून ते खोटं वाटतं. अशा नावातली अक्षरं पुष्कळदा एखाद्या ग्रीक ब्रीदवाक्याची आद्याक्षरं असतात. हा पायंडा पाडला 'फाय बीटा कॅपा'ने. 5 डिसेंबर 1776 रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात ती स्थापन झाली. 'फिलोसोफिया बिऊ कुबेर्नेतेस', म्हणजे ज्ञानाची ओढ हीच आयुष्याची मार्गदर्शक, या तीन शब्दांची ती पहिली अक्षरं. आज ती गुणवंतांची मानाची संस्था आहे, पण पुढच्या संस्थांनी अक्षरांची रीत तिचीच उचलली. कित्येक संस्थांमध्ये ब्रीदवाक्य गुप्त असतं आणि दीक्षाविधीतच सांगितलं जातं.

तेव्हा अक्षरांच्या आधी ब्रीदवाक्य ठरवा. समजा, 'लुख्नोस एन नुक्ती', म्हणजे रात्रीतला दिवा. यातून लॅम्डा, एप्सिलॉन, न्यू ही अक्षरं मिळतात. वाचकाला ते वाक्य कधीच सांगितलं नाहीत तरी चालेल. रूममेटला ते माहीत आहे आणि नायिकेला नाही, एवढ्याने दोघींच्या मधला दरवाजा आपोआप बंद होतो. हे तुमच्या कथेला मोठं बळ आहे, ते वाया घालवू नका.

आता टोपणनाव. रोजच्या बोलण्यात पूर्ण नाव फारसं येत नाही. डेल्टा डेल्टा डेल्टाची 'ट्राय डेल्टा' होते, पाय बीटा फायची 'पाय फाय'. डेल्टा कॅपा एप्सिलॉनवाल्यांना 'डीक' म्हणतात, तर फाय गॅमा डेल्टावाले स्वतःला 'फिजी' म्हणवतात. आपल्या लॅम्डा एप्सिलॉन न्यूच्या रोमन आद्याक्षरांचं 'लेन' होतं. मुली आपसात 'लेन' म्हणतील आणि तुमची नायिका घरी फोनवर आईला 'त्या लेनवाल्या' असं म्हणेल. नाव खरं वाटतं ते इथे.

प्रश्नकर्ती

'लेनवाल्या' फारच आवडलं! उच्चारांचं काय करू? आपण बीटा, थीटा म्हणतो.

प्रतिसाद

अमेरिकेत ते 'बेटा', 'थेटा', 'झेटा' होतं, आणि 'बेटा'मधला 'ट' बोलताना जवळजवळ 'ड'कडे झुकतो. निवेदनात आपलं शाळेतलं 'बीटा', 'थीटा'च ठेवा; 'बेटा' वाचकाला मुलगाच वाटेल. पण नायिका पहिल्यांदा 'थीटा' म्हणते आणि रूममेट नकळत 'थेटा' म्हणून दुरुस्त करते, एवढा प्रसंग जरूर लिहा.

देवनागरीत खरी अडचण वेगळीच आहे. 'काय' हे अक्षर नावात घेऊ नका. काय ओमेगा ही 1895 पासूनची मोठी सोरॉरिटी आहे, पण मराठीत 'ती काय ओमेगात आहे' हे वाक्य कुणीही प्रश्न म्हणूनच वाचेल. 'पाय' गणितामुळे ओळखीचा असला तरी 'तिने पाय सोडला' लिहिलंत की संपलं. 'साय'चंही तेच. ओमिक्रॉन म्हटलं की 2021 नंतर कोविडच आठवतो. तीन कॅपा तर मुळीच नकोत, आद्याक्षरं 'कू क्लक्स क्लॅन' या वर्णद्वेष्ट्या संघटनेची होतात. लॅम्डा, सिग्मा, थीटा, एप्सिलॉन यांना मराठीत दुसरा अर्थ चिकटलेला नाही, त्यामुळे ती निर्धास्त वापरा. मुखपृष्ठावर अक्षरं येणार असतील तर चित्रकाराला सांगून ठेवा, की मोठा 'एटा' रोमन एचसारखा दिसतो आणि 'ऱ्हो' पीसारखा.

आणखी एक प्रतिसाद

'भगिनीमंडळ' नको. हळदीकुंकू, भिशी, पाककृती स्पर्धा डोळ्यांपुढे येतात, आणि त्या संस्थेचं काम अगदी निराळं. 'सोरॉरिटी'च ठेवा.

एक ऐतिहासिक बारकावा मात्र सांभाळा. 'सोरॉरिटी' हा शब्द या संस्थांसाठी 1882 मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठात रूढ झाला. गॅमा फाय बीटाच्या मुलींना तो लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनी सुचवला. त्याआधीच्या मुलींच्या संस्था स्वतःला मुलांच्या संस्थांसारखं 'फ्रॅटर्निटी'च म्हणवत; 1870 ची कॅपा अल्फा थीटा त्यांपैकीच. म्हणून लेनची स्थापना 1875 ची दाखवलीत, तर इमारतीवरच्या जुन्या पाटीत 'सोरॉरिटी' हा शब्द येता कामा नये.

आणि नायिका स्वतःही कुठे सामील होणार असेल, तर दक्षिण आशियाई संस्थांचा विचार करा. आयोटा न्यू डेल्टा ही मुलांची फ्रॅटर्निटी 1994 मध्ये बिंगहॅम्टन विद्यापीठात निघाली. रोमन आद्याक्षरं घेतली की तिचं नाव 'आयएनडी' होतं, म्हणजे 'इंडिया'ची पहिली तीन अक्षरं. डेल्टा फाय ओमेगा ही मुलींची संस्था 1998 मध्ये ह्यूस्टनला सुरू झाली. एकीकडे रूममेटची शंभर-सव्वाशे वर्षांची लेन आणि दुसरीकडे नव्वदीतली एक लहानशी देसी संस्था, असा पेच मला तरी वाचायला आवडेल.

प्रश्नकर्ती

लेन नक्की. तिचं ओहायोतलं घर म्हणजे पहिली शाखा, अल्फा चॅप्टर, असं धरू का?

प्रतिसाद

अल्फा चॅप्टर म्हणजे सहसा जिथे संस्था जन्मली ती जागा. लेन तुमच्याच कॉलेजात जन्मली असेल तर जरूर. मग देशभरातल्या शाखांतल्या मुली ते घर बघायला येतील, आणि तशी गर्दीही कथेत दिसायला हवी. तसं नको असेल तर मधलं एखादं अक्षर द्या, 'थीटा चॅप्टर' वगैरे. ओमेगा मात्र सोडा. बऱ्याच संस्था ते अक्षर दिवंगत सदस्यांसाठी राखून ठेवतात.