मदत हवी आहे: खालच्या जागी बारीक दाणे, दाखवायला हवेत का?

नमस्कार मंडळी. हा आयडी या एका प्रश्नापुरता काढलाय, समजून घ्या.

वय २५, राहायला कुर्ल्याला. पुढची कातडी मागे घेतली की शिश्नाच्या बोंडाच्या कडेने कातडीच्याच रंगाचे बारीक दाणे दिसतात. एका ओळीत, गोल फिरून, जेमतेम मिलिमीटरभर. दुखत नाहीत, खाजत नाहीत. कधीपासून आहेत ते सांगता येत नाही. आमच्या घरात असं निवांत बघायची सोय नाही. परवा मोरीत मोबाईलचा टॉर्च लावून पाहिलं तेव्हा दिसले. खालच्या बाजूला कातडी ताणली की पिवळसर ठिपकेही दिसतात.

लग्न ठरलंय. तिला माझ्यामुळे काही होणार नाही ना, हा खरा प्रश्न. संबंध एकदाच आला होता, मागच्या वर्षी, कंडोम वापरून. लोकलच्या डब्यातल्या 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज'च्या स्टिकरांना आजवर हसायचो, आता त्यावरचे नंबर वाचतोय. केमिस्टने काही न विचारता एक ट्यूब हातात ठेवली. अजून लावलेली नाही. लावू का?

चाळकरी: थांब. ट्यूबवर काय लिहिलंय ते आधी इथे टाक.

धागाकर्ता: क्लोबेटासोल, मायकोनॅझोल, निओमायसिन.

त्वचावैद्य: ती ट्यूब कचऱ्यात टाका. क्लोबेटासोल हे फार कडक स्टेरॉइड आहे आणि त्या भागाची कातडी पातळ, औषध पटकन शोषून घेणारी. उगाच लावत राहिलात तर ती आणखी पातळ होईल. जांघेत गजकर्ण असेल तर सुरुवातीला बरं वाटतं, मग दुप्पट पसरतं. पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या चिघळलेल्या गजकर्णवाल्यांच्या खिशातून बहुतेक वेळा असलीच ट्यूब निघते.

आता दाण्यांचं. तुम्ही सांगताय त्यावरून ते पर्ली पेनाइल पॅप्यूल्स वाटतात. तो शरीराच्या घडणीचा भाग आहे, रोग नव्हे. वयात आल्यावर दिसू लागतात, वय वाढेल तसे पुसट होतात, जोडीदाराला लागत नाहीत. अस्वच्छतेशीही संबंध नाही, तेव्हा साबणाने घासत बसू नका. पिवळसर ठिपके म्हणजे फोर्डाइस स्पॉट्स, केसाशिवायच्या तेलग्रंथी. ओठांच्या कडेलाही अनेकांना असतात, आरशात बघा. दोन्हींना उपचार लागत नाही. लेझरने काढून देणारे भेटतील. पैसे जातील, वर डाग पडायचा धोका.

एचपीव्ही या संबंधातून लागणाऱ्या विषाणूच्या चामखिळी अशा शिस्तीत ओळ धरत नाहीत. कुठेही उगवतात, खडबडीत असतात, वाढत जाऊन फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या दिसतात. संबंधानंतर काही आठवड्यांनी येतील किंवा कित्येक महिन्यांनी, म्हणून 'वर्ष झालं, आता काय होणार' हा हिशेब इथे चालत नाही. कंडोमने धोका कमी होतो, पण न झाकलेल्या कातडीतूनही लागण होते. मोलस्कम या विषाणूच्या त्वचारोगाचे दाणे गुळगुळीत, मधोमध खळगा असलेले. हर्पीस या दुसऱ्या विषाणूच्या आजारात आधी चुणचुण, मग पाण्याच्या बारीक फोडांचा पुंजका, ते फुटून दुखणाऱ्या जखमा.

मला जास्त काळजी वाटते ती न दुखणाऱ्या जखमेची. सिफिलिस या संबंधातून लागणाऱ्या आजाराची पहिली खूण बहुधा एकच, कडक काठाची जखम असते, संबंधानंतर साधारण ३ आठवड्यांनी येणारी. दुखत नाही म्हणून माणूस दाखवत नाही. काही आठवड्यांत ती आपोआप भरते, हा खूश, आणि आजार आत चालूच. पेनिसिलिनने बरा होतो, पण त्यासाठी आधी रक्त तपासायला हवं ना! अगदी सुरुवातीला तपासणी निगेटिव्हही येऊ शकते, मग ती पुन्हा करायची.

रूम नं १२: रात्रीच खाज सुटते का? बोटांच्या बेचक्यात पण? आमच्या खोलीत एकाला खालच्या जागी गाठी आल्या, तो भलत्याच शंकेने काळवंडला. निघाली खरूज! सगळ्यांनी एकाच रात्री गळ्यापासून पायापर्यंत मलम लावलं, चादरी उकळत्या पाण्यातून काढल्या.

धागाकर्ता: नाही, खाज अजिबात नाही.

जुना सभासद: पन्नाशीतल्या वाचकांसाठी थोडं अवांतर. पुढच्या कातडीला चिरा पडत असतील, ती मागे जाईनाशी झाली असेल तर रक्तातली साखर तपासा. माझ्या मेहुण्याचा मधुमेह असाच सापडला. आणि गाठ वाढत असेल किंवा जखम भरतच नसेल तर लाजत बसू नका, तिथेही कॅन्सर होतो.

धागाकर्ता: सर, फोटो व्यनिने (खाजगी निरोपातून) पाठवू का?

त्वचावैद्य: फोटो नको, मलाही नको आणि इतर कुणालाही नको. असे फोटो कुठे फिरतील सांगता येत नाही, आणि चामखीळ आहे की नाही हे प्रत्यक्ष पाहून ठरवलेलंच बरं. कुर्ल्याहून सायन हॉस्पिटल जवळ आहे, तिथे त्वचारोगाची ओपीडी आहे. संबंध आलेला आहे, लग्न तोंडावर आहे, तेव्हा एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी करूनच घ्या. सरकारी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि गुप्त ठेवतात. आधी फोनवर बोलायचं असेल तर १०९७ ही एड्सची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत. डब्यातल्या स्टिकरवाल्यांकडे मात्र फिरकू नका.

धागाकर्ता: ट्यूब टाकली. सोमवारी सुट्टी टाकून जातो. केसपेपरच्या खिडकीवर काय आजार सांगायचा? मागे रांग असते हो.

चाळकरी: 'स्किन' एवढंच सांग, त्यापुढे ते विचारत नाहीत. आणि सकाळी लवकर जा, नाहीतर खिडकी बंद मिळेल.