मदत हवी आहे: स्कॅनमधली वाकलेली शिरोरेखा सरळ कशी करायची?

वाचनालयाचे जुने छापील अहवाल शोधता येतील अशा पीडीएफमध्ये आणतोय. विंडोज १०, रॅम ८ जीबी. नॅप्स२ (स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर) मध्ये टेसरॅक्टची (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारा प्रोग्राम) मराठी भाषा टाकली आहे. सपाट पानं छान वाचली जातात. पण बांधणीजवळ शिरोरेखा वाकते आणि तिथे ‘भ’चा ‘म’, ‘ध’चा ‘घ’ होतो. ३०० डीपीआयला पुन्हा स्कॅन केलं, स्कॅन टेलरमध्ये (स्कॅन केलेली पानं नीट करणारं सॉफ्टवेअर) पानं सरळ केली. तिरकेपणा गेला, बाक तसाच. खंड उसवायची परवानगी नाही (आणि उसवूही नयेत), आत सभासदांचे पत्ते असल्याने ऑनलाइन सेवाही नको.

स्कॅन टेलर अ‍ॅडव्हान्स्डमधलं (त्याच सॉफ्टवेअरची वाढीव आवृत्ती) डीवॉर्पिंग, म्हणजे पानाचा बाक काढायची सोय, देवनागरी छपाईवर कुणी वापरलंय का? दर पानावर हाताने रेषा जुळवाव्या लागतात, की एका पानाची सेटिंग बाकीच्यांना लावून भागतं?