मदत हवी आहे: रेकॉर्डची पहिली बाजू पेटीला लागत नाही, दुसरी लागते

नमस्कार मंडळी,

मी सांगलीचा. भजनी मंडळात बावीस वर्षं पेटीची साथ करतोय, त्यामुळे सूर जरा इकडचा तिकडे झाला की चैन पडत नाही. अडचण एका रेकॉर्डची आहे, पण थोडं मागून सांगावं लागेल.

माझे मामा मुंबईत नोकरीला होते. पगार झाला की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये जाऊन एक तरी रेकॉर्ड आणायचे. निवृत्त होऊन गावभागातल्या घरी परतले ते चार खोकी रेकॉर्ड घेऊनच. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि खालच्या फळीवरची दोन खोकी बुडाली. प्लेयर माळ्यावर चढवला होता, तो वाचला. मामा गेल्या वर्षी गेले. मामींनी सगळं माझ्या हवाली केलं. म्हणाल्या, "तुला सुरातलं कळतं, तू ऐक. त्यांनी मला कधी ऐकवलं नाही असं नाही, पण मी स्वयंपाकघरातूनच ऐकलं."

तेव्हापासून रोज रात्री जेवणं झाल्यावर एक रेकॉर्ड लावतो. गीतरामायणाचा संच आहे, तो मी बाजूला ठेवलाय. गदिमा आमच्या आटपाडीकडचे, ती गाणी आम्हाला तोंडपाठ. बाकीचं बहुतेक सगळं मला नवीन.

'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) पहिल्यांदा रात्री दहाला ऐकली आणि काहीच पोचलं नाही. नंतर लक्षात आलं की ती एका मेंढपाळाचा काश्मीरमधला दिवस मांडते, अहिर भैरवपासून सुरू होऊन रात्रीपर्यंत जाते. मग एका रविवारी पहाटे साडेपाचला उठून लावली. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, तिघं एकमेकांच्या अंगावर न जाता वाजवतात. साथ करणाऱ्याने हे ऐकायलाच हवं. कुठे थांबायचं हे मी त्या एका रेकॉर्डवरून जेवढं शिकलो तेवढं इतक्या वर्षांत शिकलो नव्हतो.

पिंक फ्लॉइडची 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) लावली तेव्हा मामी शेजारी होत्या. एकदम सगळी घड्याळं वाजली तशा दचकल्या. मला त्यात दोन गोष्टी भिडल्या. क्लेअर टॉरी नावाच्या बाई एकही शब्द न घेता गातात. तराणा नाही, आलाप नाही, नुसता हंबरडा, आणि तरी सूर सुटत नाही. दुसरी गोष्ट, पैशांवरचं गाणं सात मात्रांचं आहे! मी मांडीवर रूपक धरला आणि तो बसला. मधे गिटारची फिरत सुरू झाली की मात्र चार मात्रा होतात. असा ताल मधेच बदलला की आपल्याकडे भांडणं होतील, तिथे तो शोभतो.

बॉब मार्लीची 'एक्झोडस' (१९७७) एकदाच ऐकली. गिटार मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मधे पडते एवढं कळलं. त्यावर अजून बसायचंय.

एका रेकॉर्डचं लेबल पुरात धुऊन गेलं होतं. सॅक्सोफोन, मागे ड्रम. मग चार सुरांची एक छोटी ओळ येते, वादक ती एकेका पट्टीतून फिरवत राहतो, आणि शेवटी माणसांचे आवाज तेच तीन शब्द पुन्हा पुन्हा म्हणतात. त्या शब्दांवरून माझ्या पुतणीने शोधून काढलं: जॉन कोल्ट्रेन, 'अ लव्ह सुप्रीम', ध्वनिमुद्रण ९ डिसेंबर १९६४. आषाढीच्या आधी मिरजेवरून दिंड्या जातात तेव्हा "ज्ञानबा तुकाराम" तासन्‌तास चालतं, आणि काही वेळाने शब्द राहत नाहीत, नुसती चाल उरते. तसंच. चौथ्या भागात कोल्ट्रेनने स्वतः लिहिलेली प्रार्थना सॅक्सोफोनवर 'म्हटली' आहे, अक्षरागणिक. मी ते दोनदा ऐकलं आणि दोन्ही वेळा प्लेयर बंद करून तसाच बसून राहिलो. पण त्या बाजूवर गाळ बसलाय, शेवटी शेवटी नुसती खरखर येते.

आता मूळ प्रश्न. जॅझमधले ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९). मामांची सगळ्यात झिजलेली रेकॉर्ड, म्हणजे सगळ्यात लाडकी. यातही कोल्ट्रेन आहेच. पहिलीच रचना 'सो व्हॉट' म्हणजे आपला काफी थाट. चार-चार मात्रांची सोळा आवर्तनं पांढरी दोनमध्ये (पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला षड्ज, म्हणजे सा, धरून), मग आठ काळी दोनमध्ये, परत आठ पांढरी दोनमध्ये. षड्जच उचलून अर्धा सूर वर ठेवायचा आणि परत खाली आणायचा! पहिल्यांदा मला पायाखालची फरशी सरकल्यासारखं झालं. आता त्या जागेची वाट बघतो.

म्हटलं, पेटी घेऊन साथ करून बघू. तर सूर जुळेना. रेकॉर्डचा षड्ज पांढरी दोनच्या वर आहे, काळी दोनपर्यंत पोचत नाही. श्रुतीभर चढा. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तशाच. बाजू उलटली तर 'ऑल ब्लूज', तो दादऱ्यासारखा सहा मात्रांचा झोका, पांढरी पाचला अगदी नेमका लागतो. मोबाइलवर 'सो व्हॉट' लावलं तर तेही पांढरी दोनला बरोबर. म्हणजे पेटी ठीक आहे.

पुराच्या पाण्याने रेकॉर्ड वाकली असेल का? की प्लेयर बिघडलाय? मामा इतकी वर्षं बेसूर रेकॉर्ड ऐकत होते हे मनाला पटत नाही. त्यांचा कान माझ्यापेक्षा चांगला होता. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

प्लेयरचा बेल्ट आणि पुली तपासा. वेग बघायला १८० रेघांची गोल चकती छापून मिळते, ती फिरत्या रेकॉर्डवर ठेवायची आणि चोकवाल्या जुन्या ट्यूबच्या उजेडात बघायची. आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर वेग मिनिटाला ३३⅓ फेरे असेल तर रेघा थांबल्यासारख्या दिसतात. पुढे सरकल्या तर वेग जास्त. एलईडीखाली बहुतेक वेळा काही कळत नाही.

धागाकर्ता

आभार. आजच करून बघितलं. रेघा जागच्या जागी उभ्या. आणि प्लेयर तोच असताना दुसरी बाजू बरोबर कशी लागेल?

प्रतिसाद २

तुमचा प्लेयर निर्दोष, रेकॉर्ड निर्दोष आणि मामांचा कानही निर्दोष. दोष १९५९चा आहे.

ही रेकॉर्ड न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या थर्टीथ स्ट्रीट स्टुडिओत दोन बैठकांत झाली. ही जागा म्हणजे जुनं चर्च होतं. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना २ मार्चच्या, दुसऱ्या बाजूच्या दोन्ही २२ एप्रिलच्या. २ मार्चला मुख्य टेप मशीन किंचित मंद फिरत होतं. मंद फिरणाऱ्या टेपवर घेतलेलं योग्य वेगाने वाजवलं की सूर चढतो. ते कुणाच्या लक्षात आलं नाही आणि रेकॉर्ड तशीच छापली गेली. त्याच दिवशी जोडीला दुसरं मशीन राखीव प्रत घेत होतं, त्याचा वेग बरोबर होता. १९९२च्या आवृत्तीत ती टेप वापरून चूक सुधारली. मोबाइलवर तुम्ही ऐकलीत ती सुधारलेली.

म्हणजे ३३ वर्षं सगळ्या जगाने ही बाजू चढीच ऐकली. रेकॉर्डबरोबर वाजवून शिकणाऱ्यांना वाद्य चढवून घ्यावं लागायचं.

आणखी एक, तुम्ही पेटीवाले म्हणून सांगतो. वादकांना आधी काही तालीम नव्हती, ऐन वेळी नुसती स्वरांची आखणी हातात दिली होती. पियानोवादक बिल इव्हान्सने कव्हरच्या मागे तसं लिहिलंय. तुमचं कव्हर भिजलं नसेल तर वाचा.

प्रतिसाद ३

मी मिरजेचा. जुन्या तबकड्यांचा वेग हा आमच्याकडे नेहमीचा विषय. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या काळातल्या तबकड्या '७८'च्या म्हणतात, पण त्या काळी प्रत्येक तबकडी बरोबर ७८लाच घेतलेली असायची असं नाही. वेग जास्त झाला की आवाज पातळ होतो. त्यामुळे कानानेच जुळवावं लागतं.

गाळाचं सांगतो. डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचा एकच थेंब. मऊ ब्रश रेघांच्या दिशेने, गोल, अजिबात न दाबता. वाळलेला गाळ कोरडा घासू नका, तो वाळूसारखा कापतो. आधी भिजू द्या. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन सावलीत उभी वाळवा. आतलं कागदी पाकीट नवं घाला. मामांच्या खोक्यात ७८च्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. कव्हर भिजून लगदा झालं होतं, त्यामुळे मागचा मजकूर वाचता आला नाही. पण आखणी ऐन वेळी मिळाली हे कळल्यावर ती रचना वेगळीच ऐकू यायला लागली. आपल्याकडे राग आणि मुखडा एवढ्यावर माणूस बसतो, तसेच ते सगळे बसले होते.

काल रात्री मामींना बाहेरच्या खोलीत बोलावलं. इलेक्ट्रॉनिक तंबोरा हळूहळू चढवत नेला, 'सो व्हॉट'च्या षड्जाशी मिळेपर्यंत. मिळाला तेव्हा मामींनीच मान हलवली. म्हणाल्या, "हे असंच यायचं आत." मोबाइलवरचं, बरोबर सुरातलं लावलं तर म्हणाल्या हे जरा उतरलंय. म्हणजे स्वयंपाकघरातूनसुद्धा त्यांच्या कानात मामांचाच सूर बसलाय. मी आता पहिल्या बाजूला तंबोरा चढवतो, बाजू उलटली की परत खाली आणतो.

रविवारी 'अ लव्ह सुप्रीम' धुवायला घेतोय. लेबल आधीच गेलंय, त्यामुळे ते जपायची काळजी नाही. मिरजकर, ब्रश कुठला घेऊ ते तेवढं सांगा. सांगलीत दोन दुकानांत रंगकामाचेच दाखवले. तुमच्याकडे सतारीला पॉलिश करणारे कुठला वापरतात? तो चालेल का?